ते पोट माझं होतं

मागच्या वर्षीची गोष्ट. ऑफिसात एका पोस्टसाठी इंटरव्ह्यू चालले होते, पॅनेलवर आम्ही तिघं, आणि जेवणानंतरची ती दुसरी कँडिडेट. लहानशी खोली, दार बंद, एसी खडखडत होता म्हणून मीच तो बंद करायला लावलेला, त्यामुळे आत अशी शांतता की कुणी पेनाला टोपण लावलं तरी ऐकू यावं. मी तिला काहीतरी अवघड विचारलं, ती खाली बघून विचार करायला लागली आणि नेमका तेव्हाच माझ्या पोटातून आवाज आला. साधं गुडगुडणं नाही. आधी शेजारच्या घरात कुणीतरी जड कपाट ओढतंय असा, मग हळूहळू वर चढत गेलेला, आणि शेवटी अरुंद तोंडाच्या बाटलीतून पाणी ओतल्यासारखा बुडबुड करत संपलेला. चांगला चार-पाच सेकंद. मी पोट आत ओढलं, श्वास धरला, त्याने काही होत नाही हे माहीत असूनही. आणि ती मुलगी, पंचविशीची असेल, लालबुंद झाली, पटकन स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "सॉरी मॅम, सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

मी म्हटलं, "इट्स ओके. होतं असं."

म्हणजे बघा, पोट माझं, माफी तिची आणि मोठं मन परत माझंच. शेजारच्या सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला, ती दोन घोट प्यायली, उत्तर दिलं, बरं दिलं. पण पुढची वीस मिनिटं तिचा डावा हात पोटावरून हलला नाही. उजव्या हाताने ती हातवारे करत बोलत होती आणि डावा आपला पहारा देत बसलेला. मला ते दिसत होतं, सारखं दिसत होतं. एक वाक्य पुरलं असतं हो, "अगं ते माझं होतं", सगळे हसले असते, तिचा हात खाली आला असता. नाही बोलले. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, टीममध्ये वीस माणसं, आणि पोटातल्या वाऱ्याची कबुली देता आली नाही.

माझ्या पोटाबद्दल थोडं सांगायला हवं. सकाळी उठते तेव्हा ते शहाण्यासारखं असतं. आवरून आरशात बघितलं की वाटतं ठीक आहे, वयाच्या मानाने बरंय. दुपारी चारनंतर त्याचं वेगळंच सुरू होतं. आधी बरगड्यांच्या खाली कुणीतरी पंप लावल्यासारखं, मग कमरेचा पट्टा टोचायला लागतो, मग जीन्सचं बटण टेबलाखाली गुपचूप काढायचं आणि वरून कुर्ता ओढून घ्यायचा. संध्याकाळी घरी येईपर्यंत पोट डब्ब. टिचकी मारली तर नगाऱ्यासारखं वाजतं, खरंच वाजतं, मी मारून बघितलीय. वजनाच्या काट्यावर फरक शून्य. एकदा टेपने मोजलं तर सकाळ-संध्याकाळमध्ये पाच सेंटीमीटर! पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर विचारूच नका, त्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन नावाच्या हार्मोनमुळे आतड्यांची चाल मंदावते असं डॉक्टर म्हणाल्या, मी म्हटलं मंदावते कसली, संपावर जाते.

आणि आपल्या भाषेत पोटासाठी काय एकेक शब्द आहेत. गुबारा धरतो, तडस लागते, कळ येते, मुरडा येतो, वात धरतो. 'ब्लोटिंग' म्हटलं की कसं मासिकातल्या गुळगुळीत पानासारखं वाटतं, गुबारा म्हटलं की नेमकं कुठे काय होतंय ते कळतं. बरं आपलं सगळं पोटातच चालतं. भीतीने गोळा पोटात येतो, शेजाऱ्याचं चांगलं झालं की आपल्या पोटात दुखतं, दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायचं, चूक पोटात घालायची. इतकं सगळं तिथे कोंबल्यावर जागा कुठून राहणार.

आमच्या घरात वाऱ्याचे दोन पक्ष होते. बाबा उघड पक्षाचे. पेपर वाचता वाचता एका बाजूला किंचित कलायचे, काम झालं की परत सरळ आणि पुढची बातमी. त्यावर भाऊ हसून हसून लोळायचा आणि बाबा शांतपणे म्हणायचे, "हसतोस काय, न सुटणारा माणूस दाखव मला एक." आई दुसऱ्या पक्षाची. तिला मी आयुष्यात कधी ऐकलं नाही. ढेकरसुद्धा पदर तोंडाला लावून, तीही अर्धीच. आणि तिची एक सवय होती, रात्री सगळे बसलेले असले, गप्पा रंगात आल्या असल्या की मध्येच उठायची, "कपडे वाळले का बघून येते." रात्री साडेदहाला! पाच मिनिटांनी परत यायची, हात रिकामे. आम्ही कधी विचारलंही नाही की कपडे वाळले का. पस्तिशीत एकदा मी स्वतः पाहुण्यांसमोरून "गॅलरीतला लाइट चालू राहिला वाटतं" असं म्हणून उठले आणि गॅलरीच्या अंधारात कठड्याला धरून उभी असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईचे ते वाळणारे कपडे. इतकी वर्षं.

मला वाटायचं माझ्याच पोटात काहीतरी जगावेगळं चाललंय. मग वाचायला लागले. चांगल्या धडधाकट माणसाच्या आतड्यांतून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो, आणि दिवसातून दहा ते वीस वेळा तो सुटणं हे नॉर्मल आहे. वीस! मीटिंगमध्ये समोर बसलेल्या त्या इस्त्रीच्या शर्टांकडे बघून हा आकडा आठवला की मला फार बरं वाटतं. काही भाग आपण गिळलेल्या हवेचा, बराचसा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेला. वरती न पचलेलं जे काही खाली येतं त्याच्यावर त्यांची मेजवानी चालते आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही. यातल्या 99 टक्क्यांहून जास्त वायूला वासच नसतो. सगळी बदनामी उरलेल्या चिमूटभर गंधकाच्या संयुगांमुळे. कुटुंबात एकच कार्टं नाठाळ निघावं आणि सगळ्या घराण्याचं नाव जावं तसं.

याच वाचनात रोमचा सम्राट क्लॉडियस भेटला. पाहुण्यांच्या पंगतीत लाजेपायी वारा दाबून धरल्याने एक माणूस मरता मरता वाचला हे ऐकून म्हणे हा सम्राट जेवताना वारा सोडायला परवानगी देणारा हुकूमच काढणार होता. खरं-खोटं त्यालाच ठाऊक, त्याचं चरित्र लिहिणाऱ्यानेही 'असं म्हणतात' म्हणूनच लिहिलंय. आणि दुसरा भेटला जोसेफ पुजोल, पॅरिसमध्ये 1892 पासून मूलाँ रूजच्या स्टेजवर हा माणूस चक्क या कलेचे प्रयोग करायचा, लोक तिकीट काढून यायचे, पोट धरधरून हसायचे. तो मागून हवा आत ओढून घ्यायचा आणि मग हवी तशी सोडायचा, म्हणजे पचनाचा त्यात काही संबंध नाही, पण मला त्याच्या धैर्याचंच जास्त कौतुक वाटलं. एक माणूस हजार लोकांसमोर अभिमानाने करतोय आणि मला बंद खोलीत तिघांसमोर एक गुडगुड कबूल करता येत नाही.

पण खरी गंमत चरकसंहितेत सापडली. सूत्रस्थानातला सातवा अध्याय, त्यात तेरा वेग, म्हणजे आतून येणारे रेटे, दिलेत जे कधी अडवू नयेत. मूत्र, मल, वारा, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, श्रमाने लागलेला दम वगैरे, आणि याच यादीत अश्रू. वारा आणि अश्रू एका रांगेत! मी ते वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. पुढे लगेच दुसरी यादी आहे, कुठले वेग अडवावेत त्याची, तर त्यात लोभ, शोक, भय, क्रोध, मान असली मंडळी. आता ऑफिसातला माझा दिवस आठवा. राग बिनधास्त सुटतो, मान तर कायमच फुगलेला, आणि वारा, जांभई, रडू हे मात्र दाबून धरलेलं. बरोब्बर उलटं.

असो. उपायांकडे येते, कारण त्या इंटरव्ह्यूनंतर मी खरंच हात धुऊन पोटाच्या मागे लागले. वही केली. काय खाल्लं, कधी, किती घाईत, आणि नंतर पोटाने काय म्हटलं. पहिल्याच आठवड्यात त्या दिवसाचा गुन्हेगार सापडला, आणि तो माझ्या पर्समध्येच होता. शुगर-फ्री च्युइंगम. इंटरव्ह्यूच्या दिवशी तोंडाला कॉफीचा वास नको म्हणून मी सकाळपासून एकामागून एक चघळत होते, बहुतेक सहा-सात. च्युइंगमने दोन्हीकडून मार बसतो, चघळताना हवा गिळली जाते ती वेगळी, आणि त्यात साखरेऐवजी घातलेलं ते सॉर्बिटॉल लहान आतड्यात नीट शोषलं जात नाही, तसंच खाली जातं, जिवाणूंना आयतं मिळतं. वर दुपारचं जेवण सात मिनिटांत, तेही सरांशी बोलत बोलत, वाटीभर राजमा, कच्चा कांदा आणि स्ट्रॉने सोडा. आता हे असं लिहिलं की वाटतं यात पोट गुडगुडलं नसतं तरच नवल. पण त्या दिवशी मला वाटलेलं की मी अगदी हलकं जेवलेय.

गम सोडला, सोडा सोडला, स्ट्रॉ फेकला. यालाच मी सगळ्यात मोठा नैसर्गिक उपाय म्हणेन, आणि तो कुणी सांगत नाही, कारण त्यात प्यायला काही काढा नाही. जेवायला वीस मिनिटं द्यायची. तोंडात घास असताना बोलायचं नाही. हे आजी रोज सांगायची, आम्ही कधी ऐकलं नाही.

राजमा मात्र नाही सोडला, मला आवडतो. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात आणि त्या फोडायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, कुणाच्याच नसतं, त्यामुळे कडधान्य खाऊन गॅस झाला तर तुमचं पचन बिघडलंय असं नाही, पोट आपलं काम करतंय. रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालायचं, ते पाणी ओतून द्यायचं, ताज्या पाण्यात गाळ होईपर्यंत शिजवायचं. त्या साखरांचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. भिजवलेल्या पाण्यावर जो बारीक फेस धरतो ना, बोटाने हलवला की हळूच फुटणारा, तो सकाळी सिंकमध्ये ओततानाच मला अर्धं बरं वाटतं. आणि सुरुवात थोड्यापासून, रोज चार चमचे, मग वाटी. फायबरचंही तेच. पोट साफ व्हावं म्हणून मी एकदा एका सोमवारपासून एकदम कोंडा, सॅलड, सालासकट फळं असं सगळं चालू केलं होतं, बुधवारी मला कुठलेच कपडे होईनात. हळूहळू वाढवायचं असतं आणि सोबत पाणी. पोट साफ नसलं तर वारा अडकतो हे खरंच आहे, पण सवय लागायला त्या बिचाऱ्या जिवाणूंनाही दोन-चार आठवडे द्यायला लागतात.

दुधाची शंका मला होतीच. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज लहानपणानंतर कमी होत जातं, म्हणजे दूध न पचणं हाच खरा बहुमत पक्ष. मी दोन आठवडे दूध बंद करून बघितलं, थोडाच फरक. दही चालतं, जुनं चीज चालतं. माझा खरा वैरी कांदा-लसूण निघाला आणि ते ऐकून मला रडूच आलं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी 2005 च्या सुमारास अशा सगळ्या लवकर आंबणाऱ्या साखरांची मोट बांधून तिला 'फॉडमॅप' असं नाव दिलं, त्यात कांदा, लसूण, गहू, सफरचंद, दूध, कडधान्यं असं निम्मं स्वयंपाकघर येतं. ते सगळं दोन ते सहा आठवडे बंद करायचं आणि मग एकेक परत सुरू करून बघायचं. लोक पहिला भाग करतात आणि तिथेच अडकतात, वर्षानुवर्षं भात आणि गाजर खात बसतात. आहारतज्ज्ञ बाईंनी मला निक्षून सांगितलं होतं, परत सुरू करणं हाच खरा प्रयोग आहे. म्हणून आता शिजलेला कांदा थोडा चालतो, कच्चा नाही, आणि लसूण तेलात तळून काढून टाकायचा, त्या साखरा पाण्यात विरघळतात, तेलात नाही, त्यामुळे वास राहतो, गॅस राहत नाही. ही युक्ती ज्या दिवशी कळली त्या दिवशी मी आईला फोन केला. ती म्हणाली, "एवढं कशाला, कमी खा."

काढे वगैरे सगळे करून झाले. आल्याचा तुकडा ठेचून गरम पाण्यात, दहा मिनिटं झाकून, हे माझं आवडतं. आल्याने पोटातलं अन्न पुढे सरकायला मदत होते, वर अडकल्यासारखं वाटत असेल तेव्हा त्याचा उपयोग जास्त. पहिला घोट घशाला चावतो, दुसऱ्याला नाकात झिणझिण्या, तिसऱ्यापर्यंत खांदे खाली येतात. बडीशेप मी नुसती चावते, उपाय म्हणून कमी आणि जेवण संपलं हे तोंडाला कळावं म्हणून जास्त. पुदिना मात्र दुधारी. पेपरमिंटमधलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं, त्यामुळे कळ खरंच थांबते, त्याच्या तेलाच्या पोटात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल असतात त्यांच्यावर बऱ्यापैकी अभ्यास झालाय. पण ते अन्ननलिकेच्या तोंडाची झडपही सैल करतं. मला आधीच ॲसिडिटी, मी रात्री मगभर कडक पुदिन्याचा चहा पिऊन आडवी झाले आणि रात्री दोनला छातीत असं जळत होतं की वाटलं, गॅस बरा होता बाई.

आजीचा उपाय वेगळाच होता, त्यात पोटात काही घ्यायचं नसायचं. ती हात एकमेकांवर घासायची, तळवे गरम करायची आणि आमच्या पोटावर ठेवायची. तिचे हात खरखरीत होते, भांडी घासून भेगा पडलेले, पोटाच्या मऊ कातडीवर ते ओढले गेले की आधी गुदगुल्या व्हायच्या, मग डोळे जड. ती कायम एकाच दिशेने चोळायची. उजवीकडे खालून वर, मग बरगड्यांच्या खालून आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. उलटं कधीच नाही. मी विचारलं तर म्हणायची, "वाटेने न्यायचं असतं, आडवाटेने नाही." शाळेत ज्या दिवशी पचनसंस्थेची आकृती काढली, मोठं आतडं, उजवीकडून वर चढतं, आडवं जातं, डावीकडे उतरतं, त्या दिवशी पेन्सिल फिरवता फिरवता माझा हात थांबला. आजी शाळेत गेलेली नव्हती. ती वाट तिला कुठून माहीत होती, कुणास ठाऊक, बहुतेक तिच्या आजीच्या हातून.

आता मी ते स्वतःला करते, रात्री झोपताना, पण स्वतःचा हात स्वतःला लागत नाही तसा.

चालणं हे सगळ्यात बिनखर्चाचं. जेवलं की लगेच सोफ्यावर पसरायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं नुसतं रमतगमत. बार्सिलोनातल्या संशोधकांनी माणसांच्या आतड्यात मोजून गॅस सोडला आणि तो बाहेर यायला किती वेळ लागतो ते बघितलं (असल्या प्रयोगाला माणसं कशी तयार होतात देव जाणे), तर आडवं असण्यापेक्षा उभं असताना तो लवकर बाहेर पडतो, आणि हलक्या व्यायामानेही. आडवंच व्हायचं असेल तर मग पवनमुक्तासन, गुडघे छातीशी घेऊन हाताने कवळायचे. नाव ठेवणाऱ्याने काही आडपडदा ठेवलेला नाही. मी योगाच्या क्लासला जायचे तेव्हा या आसनाला सगळ्या बायका श्वास रोखून बसायच्या, मुक्त होण्याच्या आसनात कुणी मुक्त होऊ नये म्हणून सगळ्यांची केवढी ती धडपड.

त्याच संशोधकांचं आणखी एक काम वाचून मी चाट पडले. पोट फुगण्याचा ज्यांना सतत त्रास होतो त्यांचे फुगलेल्या वेळी सीटी स्कॅन काढले, तर बऱ्याच जणांच्या पोटात गॅस फारसा वाढलेलाच नव्हता. मग पोट पुढे कशाने येतं? तर छाती आणि पोटामधला श्वासपटल खाली ढकलला जातो आणि पुढची पोटाची भिंत सैल पडते, आतलं सगळं पुढे येतं. उलट व्हायला हवं तिथे शरीर चुकीचा हुकूम देतं. त्यांना श्वास कसा घ्यायचा, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू कसे वापरायचे हे शिकवलं तर पोट खरोखर कमी झालं. म्हणजे माझं ते चारनंतरचं पोट नेहमीच हवेने भरलेलं नसणार. चार वाजता माझं काय असतं? रोजचा रिव्ह्यू कॉल असतो. मी खांदे कानापर्यंत आणून, छातीत वरवर श्वास घेत, तासभर कुणाचं तरी ऐकत बसलेली असते.

दोनशे वर्षांपूर्वी, 1822 मध्ये, एका तरुणाच्या पोटात बंदुकीची गोळी लागली आणि जखम अशी भरली की जठराला कायमचं भोक राहिलं. ब्यूमाँट नावाचा लष्करी डॉक्टर त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन बघत बसला, दोऱ्याला बांधून मांसाचे तुकडे आत सोडायचा, काढून बघायचा. त्याने लिहून ठेवलंय की त्या माणसाला राग आला की पचन बिघडायचं. मला त्या माणसाचीच दया येते. आपल्या पोटाला खिडकी आहे आणि कुणीतरी सारखं डोकावतंय, राग नाही येणार तर काय.

तर आता चारच्या कॉलआधी मी तीन मिनिटं डोळे मिटून बसते, लांब श्वास सोडते, सोडताना जास्त वेळ, आत घेताना कमी. इतकं साधं आहे की सांगायलाही लाज वाटते. आल्याइतकाच उपयोग होतो, काही दिवशी जास्तच.

एक सांगायचं टाळत होते. माझी मावशी. तिचंही पोट फुगायचं, साठीच्या आसपास सुरू झालं, आणि आम्ही सगळ्यांनी, मी सगळ्यात पुढे, तिला आलं सांगितलं, कांदा बंद कर सांगितलं, चाल म्हणून सांगितलं. ती सगळं करायची, शहाण्या मुलीसारखं, आणि फोनवर म्हणायची, "आज जरा बरंय." तिचं फुगलेलं पोट सकाळीसुद्धा उतरत नव्हतं हे कुणी विचारलं नाही. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, पुनःपुन्हा लघवीला जावं लागायचं, पोट सोडून बाकी अंग वाळत चाललेलं. चार महिने गेले. ओव्हरीचा कॅन्सर होता. लवकर कळलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पन्नाशीनंतर नव्याने पोट फुगायला लागलं, आठवडेच्या आठवडे जवळजवळ रोज राहिलं, वजन उतरलं, शौचात रक्त दिसलं, उलट्या होतायत, रात्री झोपेतून उठवणारं दुखतंय, तर कृपा करून वही करत बसू नका, तपासून घ्या. आल्याचा मला राग नाही. पण तिच्या ओट्यावर ठेचलेल्या आल्याची ती वाटी कायम असायची, कडेने वाळून तपकिरी झालेली, ती मला अजून दिसते.

त्या मुलीला आम्ही घेतलं. उपकार म्हणून नाही, ती खरंच चांगली होती, पण गुण देताना माझा हात जरा सैल सुटला का हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. आता दीड वर्ष झालं, माझ्याच टीममध्ये आहे, मॅमवरून ताईवर आलीय. कधीकधी मी मनात वकिली करते की कोण जाणे, खरंच तिचंही पोट वाजलं असेल, रिकामी आतडी दर दीड-दोन तासांनी स्वतःला झाडून घेतात आणि तेव्हाही आवाज होतोच, ती उपाशी होतीच, दोघींचं एकदम झालं असेल. मग ते ओढलं जाणारं कपाट आठवतं आणि माझी केस तिथेच पडते.

परवा मोठ्या प्रेझेंटेशनच्या आधी आम्ही दोघीच खोलीत होतो. एसी बंद. तिने पर्समधून केळं काढलं, सोललं, मधोमध मोडलं आणि अर्धं मला दिलं. म्हणाली, "ताई, मी आता कुठल्याही मीटिंगला उपाशी येत नाही. त्या इंटरव्ह्यूत कसलं वाजलं होतं माझं पोट, आठवतंय? मी तर घरी जाऊन रडले होते."

मी केळं हातात घेऊन उभी. सांगायचं होतं, तोंड उघडलंही. तेवढ्यात दार उघडून सर आत आले, मागे चार जण, प्रोजेक्टर सुरू झाला. ती हसून म्हणाली, "खा ना ताई, पटकन." मी खाल्लं. हळूहळू, नीट चावून.